उजवीकडे वळणारे यान

अंतराळात सर्वांत अधिक वेळा मृत्यू पावलेला गृहस्थ या भूतलावर कोणी असेल, तर ते माझे साडू होत. आणि त्यांच्या प्रत्येक मृत्यूला साक्षी म्हणून शेजारच्या वेताच्या खुर्चीत मी बसलेला असे. सचिवालयातून निवृत्त झालेल्या या सत्त्वशील माणसाला हे वेड लागले, ते मुलगा अमेरिकेस गेल्यावर. देशाची दारे तेव्हा नुकतीच उघडली होती आणि आमच्या जामबाग मोहल्ल्यातली मुले एकेक करून त्यांतून बाहेर पडत होती. साडूंच्या मुलाने जाताना टीव्हीला जोडायचा आपला जुना संगणक मागे ठेवला आणि खेळाची एक कॅसेट. काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा. पण त्या रेषांना खोली होती. दूरचा ठिपका जवळ येता येता पैलूदार होई, आणि आपणच यानात बसून त्याच्याकडे ओढले जात आहोत, असे मलाही वाटे. त्या पोकळीत एक स्थानक स्वतःभोवती फिरत असे. त्याच्या अरुंद दारातून यान आत न्यायचे.

"फोनवर मी हवा विचारतो, जेवलास का विचारतो, आणि आमचे बोलणे संपते," साडूबुवा एकदा म्हणाले. "पौषात येतो आहे तो. तोवर एकदा आत शिरता आले, तर त्याच्याशी बोलायला काही होईल."  पडद्याने डोळे चुरचुरत असतानाही मी बसून राहिलो.

त्यांचे सारे विधिपूर्वक चाले. आधी स्नान, संध्या, मग खेळ. कॅसेटमधून तो यंत्रात उतरेपर्यंत टेपरेकॉर्डर कर्कश किंचाळे. तेवढा वेळ ते डोळे मिटून जप करीत, आणि मध्ये कोणी बोलले तर कॅसेट पुन्हा आरंभापासून लावीत. समोरून शत्रूचे यान आले तरी आधी गोळी झाडत नसत. "त्याने अजून आपले काही बिघडवलेले नाही," असे म्हणत, आणि वाक्य पुरे होण्याआधी मरत. स्थानक प्रथम दिसले तेव्हा मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, आत जाण्याआधी प्रदक्षिणा हवी. पण हे स्वतःच फिरते आहे. शास्त्र काय सांगते?" फिरत्या देवळाचा विचार शास्त्रकारांनी केलेला नाही, असे मला कबूल करावे लागले. "निषेध नाही ना? मग घालू," ते म्हणाले.

दसऱ्याला त्यांनी संगणकाची यथासांग पूजा केली. रबरी कळांवर हळदकुंकू वाहिले, वर फुलाने पाणी शिंपडले. डावीकडे वळण्याची कळ जी बसली, ती बसलीच. कोठीच्या बाजारातल्या कारागिराने यंत्र उघडले आणि आतले हळदकुंकू फुंकून काढले.

"साब, ये डब्बा है की देवघर?"

"दुरुस्त होईल का?"

"नक्को साब, ये पुर्जा अब मिलताच नहीं. सीधे हाथ कू घुमाते जाओ."

सीधे हाथ म्हणजे उजवे अंग. साडूबुवांना तो कौलच वाटला. त्यानंतर यान निष्ठेने उजवी प्रदक्षिणा घाली, आणि दारासमोर आल्यावर तसूभर डावीकडे सरकता न आल्याने चौकटीवर फुटे. रोज फुटे. पौष लागला तरी फुटतच होते.

मुलगा आला. टीव्हीखालचे यंत्र पाहून म्हणाला, "बाबा, हे अजून चालतं?"

"चालते," साडूबुवा संकोचाने म्हणाले. "पण मला आत शिरता येत नाही."

तो बापाशेजारी मांडी घालून बसला. दोनचार कळा दाबून माझ्याकडे वळला. "काका, या डाव्या कळेला काय झालं?"

"पूजा," मी म्हणालो.

"बरं. मग उजवीकडूनच बघू." आणि तोही चौकटीवर फुटला. मग खदखदून हसू लागला. संध्याकाळपर्यंत बापलेक आळीपाळीने मरत राहिले. एकमेकांना चुका दाखवीत होते, एकमेकांच्या हातातून कळफलक ओढून घेत होते. माझी कोणाला आठवण नव्हती, आणि मला फार दिवसांनी विसावा वाटला.

तो परत गेल्यावर साडूबुवा मला सोडायला फाटकापर्यंत आले. 

"शास्त्रीबुवा, शाळेत असल्यापासून तो हा खेळ खेळायचा," ते म्हणाले. "मी दाराशी उभा राहून त्याची पाठ पाहायचो आणि अभ्यासाला बस म्हणायचो. खेळताना तो असा हसतो, हे मला ठाऊकच नव्हते."

मी फाटकाची कडी काढली, पण पाय निघेना.