बाब्याची शिंगं

माझ्या ताईला कुणी शहाणपण शिकवायला गेलं की ती म्हणायची, "मी हरणं राखणाऱ्याची बायको आहे, मला काय सांगता?" तोंडाने फटकळ, आणि वर मोठी बहीण. तिच्यापुढे कुणाची टाप होती?

भाऊजी शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या बागेत हरणं राखायचे. बागेतच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हरणांचं कुंपण दिसायचं. माणूस कामाला वाघ, पण बायकोसमोर मांजर. एक गोष्ट मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगायचे: गवतात एकटं पाडस दिसलं तरी हात लावू नका, त्याची आई चरायला गेलेली असते, ती परत येते. आणि त्यांच्याच बायकोने पाडस उचलून घरात आणलं! मला फोनवर म्हणाली, "अगं, थरथरत होतं बिचारं." भाऊजी तिला म्हणाले, जिथून आणलंस तिथे ठेवून ये. पण घरात मूलबाळ नाही, आणि पाडस तिचं बोट चोखायला लागलेलं. कोण ठेवून येतंय!

त्याचं नाव बाब्या. त्याच्या दुधाची बाटली पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवलेली असायची, आणि तो फरशीवर चारी पाय फाकवून घसरायचा. मीही पोट धरून हसले आहे. गोडच होता मेला. मोठा झाल्यावर त्याला कुंपणात कळपाबरोबर सोडलं.

"मादी असती तर वेगळी गोष्ट होती," भाऊजी मला एकदा हळूच म्हणाले. "कळपातला नर माणसाला भिऊन लांब राहतो. बाटलीवर वाढलेल्याला भीतीच नसते. माजावर आला की समोरचा पुरुष त्याला दुसरा नर वाटतो."

"मग ताईला सांगा ना!"

"सांगितलं."

झालं!

त्यावर उपाय एकच होता. हरणाची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. बाब्याची नवी शिंगं वाळून कडक झाली की जनावरांचा डॉक्टर त्याला सुई मारून झोपवायचा आणि भाऊजी करवतीने ती कापून टाकायचे. त्याला दुखायचं नाही, पण ताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन डॉक्टरला शिव्यांची लाखोली वाहायची.

इकडे कळप वाढत चालला. खाणारं जनावर नाही, मारणारं कुणी नाही. बागेतल्या झाडांना छातीच्या उंचीपर्यंत पान म्हणून उरलं नाही. हरणं कुंपणावरून उड्या मारून रस्त्यावर जायची आणि गाड्यांखाली यायची. एका स्कूटरवाल्याचा जीव जाता जाता वाचला, तेव्हा वरून हुकूम आला: कळप निम्म्यावर आणा.

पद्धत अशी ठरली. पहाटे, बाग उघडायच्या आत, भाऊजींनी बंदूकवाल्याबरोबर गाडीतून फिरायचं. भाऊजी बोट दाखवतील ते जनावर त्याने टिपायचं. कुठलं म्हातारं, कुठलं आजारी, कुठलं माणसाला भीत नाही, हे भाऊजींना ठाऊक. म्हणजे पहिलं बोट बाब्याकडेच जायला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. ताईने भाऊजींपुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "त्याच्याकडे बोट केलंत तर या घरात परत पाऊल टाकू नका."

"ताई, जनावर आहे ते!" मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुझी दोन आहेत."

भाऊजी मान खाली घालून जेवत राहिले.

मग रोज पहाटे गोळ्यांचे आवाज. कळप विरळ झाला. मोठे नर सगळे गेले, बाब्या उरला. आता त्याला झुंजायला दुसरा नर राहिला नाही. त्यात डॉक्टर मेलेली जनावरं तपासण्यात अडकलेला. शिंगं आज कापू, उद्या कापू असं चाललं होतं. शिंगांवरची मऊ कातडी सुटली, टोकं पांढरी झाली. बाब्या कुंपणाच्या खांबांवर शिंगं घासायचा, खुरांनी माती उकरायचा. भाऊजी घराबाहेर पडले की चरणं सोडून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. ताई म्हणायची, "त्यांना ओळखतो तो."

मी पुन्हा ताईकडे गेले होते, तेव्हा एका सकाळी खिडकीपाशी भांडी पुसत होते. भाऊजी खाण्याची बादली घेऊन कुंपणाच्या आत शिरले. दुसऱ्या हातात लाकडी फळी. हल्ली ते फळीशिवाय आत जात नसत. बाब्या चालत आला. धावलासुद्धा नाही. मान खाली घातली आणि फळीच्या खालून शिंग मांडीत घुसवलं.

ताई अनवाणी धावली. "बाब्या!" म्हणून ओरडली, तसा तो वळला आणि सरळ तिच्याजवळ येऊन उभा राहिला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने रुग्णवाहिका बोलावली. बंदूकवाला बागेतच होता, तो पळत आला. रुग्णवाहिकेची माणसंही स्ट्रेचर घेऊन कुंपणाच्या दाराशी पोचली, पण जनावर मोकळं असताना आत कोण जाणार? भाऊजी गवतात पडलेले, दोन्ही हातांनी मांडी दाबून धरलेली.

"बाई, बाजूला व्हा," बंदूकवाला म्हणाला.

ताईचा हात बाब्याच्या मानेवर. "थांबा हो जरा. घाबरलाय तो. मी त्याला पलीकडे नेऊन बांधते."

ती त्याला ओढायची, तो चार पावलं यायचा आणि परत भाऊजींकडे वळायचा. ती पुन्हा ओढायची, पुन्हा चुचकारायची. बंदूकवाला बंदूक वर करायचा, खाली घ्यायचा. मी कुंपणाला धरून किंचाळत होते, "ताई, अगं भाऊजींकडे बघ! सोड त्याला!"

शेवटी तिने बघितलं. भाऊजींचे हात मांडीवरून गळून पडले होते. तिने बाब्याची मान सोडली आणि बाजूला झाली. गोळीचा आवाज झाला तसे स्ट्रेचरवाले आत धावले.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "रक्त फार गेलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर..."

"किती आधी?" ताईने विचारलं.

डॉक्टर आत निघून गेले. मग ती माझ्याकडे वळली. "तू बघत होतीस ना? सांग, किती आधी?"

माझ्या आयुष्यात मी ताईशी कधी खोटं बोलले नव्हते. म्हटलं, "अगं, ते सगळ्यांनाच असं म्हणतात." आणि तिला धरून खाली बसवलं.