पॉलिशचा वास

गल्लीत तिला सगळे फौजदारबाई म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. शिवायला आलेलं कापड ती गिऱ्हाइकासमोर दोनदा मापायची, दूध घेताना भांड्यापेक्षा दूधवाल्याच्या तोंडाकडेच जास्त बघायची. अशा बाईचा नवरा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे मोजक्या बैठका करून दारू सोडून आला, यावर तिचा विश्वास बसणार होता थोडाच?

"काय केलं त्या बाईंनी?" तिनं विचारलं होतं.

"बोलल्या."

"नुसत्या बोलल्या? अहो, मी जन्मभर बोलतेय."

"तू बोलतेस. त्यांनी विचारलं. तलफ कधी येते, कुठं येते, तुम्हाला स्वतःला काय हवंय. मी म्हटलं, नातीला मांडीवर घ्यायचंय."

तिथंच तर घोडं अडलं होतं. लेकीनं स्पष्ट सांगितलं होतं, बाबांची सुटली असं तू छातीवर हात ठेवून सांगशील तेव्हाच बाळाला घेऊन येईन. म्हणजे सगळं येऊन ठेपलं फौजदारबाईंच्या नाकावर. आणि नवरा पडला फर्निचरच्या कारखान्यातला पॉलिशवाला. दिवसभर हात स्पिरिटमध्ये. संध्याकाळी तो दारात आला की ती हुंगायची, आणि वास यायचाच. कसला, ते देवाला माहीत.

आता गंमत बघा. पूर्वी तो झोकांड्या खात यायचा तेव्हा शेजारणीला, व्याह्यांना, खुद्द लेकीला हीच सांगायची, "पिऊन नाही गं आले, कामाचा वास आहे तो." वर्षानुवर्षं सांगून ते वाक्य तिनं पार गुळगुळीत केलं होतं. आणि आता तेच नवरा म्हणाला, तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कामाचा वास? मला शिकवताय? ही थाप मीच जन्माला घातलीय."

तो हातपाय धुऊन लगेच जेवायला बसला. रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते, म्हणून आल्या आल्या जेवायचं, हे त्या बाईंशी बोलून ठरलं होतं.

पुढच्या आठवड्यात वास एकदम गेला. झालं, फौजदारबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पॉलिशवाला, आणि पॉलिशचा वास नाही? कामावरून काढलं असणार. कुठंतरी बसत असणार आणि आंघोळ करून साळसूदासारखं घरी येत असणार. तिनं मशीनवरचं कापड तसंच टाकलं आणि कारखाना गाठला.

पॉलिशच्या खोलीत तो नव्हता. तिनं मुकादमाला गाठलं.

"मागच्या शेडमध्ये बघा," मुकादम म्हणाला. "घासायला बसलाय."

नवरा पाठमोरा बसून सँडपेपरनं खुर्चीचा पाय घासत होता. केसांत, कानांत, मानेवर नुसता भुसा. हे नवख्यांचं काम. निम्म्या कारखान्याला पॉलिश शिकवलेला माणूस तिथं मुकाट्यानं बसला होता.

"स्वतःच मागून घेतलं," मुकादम म्हणाला. "म्हणे, स्पिरिटपाशी बसलं की तलफ येते. आणि घरी बायकोला वासातला फरक कळत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाक न मारताच ती परत फिरली.

घरी येऊन तिनं लेकीला फोन लावला. "बाबांच्या अंगाला आता वास येत नाही."

"आणि आला की म्हणशील, कामाचा आहे."

हे वर्मी लागलं.

"मी म्हणाले असते," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तुझ्याशीही खोटंच बोलले. म्हणून माझ्या शब्दावर नकोच येऊ. बाळाला घरी ठेव आणि एकदा तू स्वतः येऊन बघ."

"रविवारी येते," लेक म्हणाली. "एकटीच."

संध्याकाळी नवरा नेहमीसारखा उंबऱ्यापाशी थांबला. तिनं हुंगलं. लाकडाचा वास.

"रविवारी लेक येतेय. बाळ नाही, आधी तुम्हाला बघायला."

"येऊ दे," तो म्हणाला, आणि दाराबाहेर वाकून केस झटकायला लागला. "बाळ येईल तेव्हा हे सगळं कारखान्यातच झटकून येत जाईन. भुशानं लहान मुलांना शिंका येतात."

फौजदारबाईंनी टॉवेल आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कानामागचा भुसा पुसला. पुसता पुसता पुन्हा एकदा हुंगून घेतलं.