आबांना बघायला आलेले आणि आमचं वाय-फाय

आज सकाळी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, पुण्याच्या हार्टच्या डॉक्टरांकडून व्हिडिओ कॉलवर तपासणी होती. आबा नुकतेच दवाखान्यातून घरी आलेत, त्यामुळं आमच्या आष्टा गावातली निम्मी भावकी त्यांना बघायला आलेली.

डॉक्टर म्हणाल्या, "पाय दाखवा." तेवढ्यात चित्र अडकलं, नुसते चौकोन दिसायला लागले.

"पायावर सूज आहे का?"

"न्हाई ओ म्याडम, ठणठणीत हाय!" आबा जुने फौजी, दुखणं कबूल करतील तर शपथ.

मी मोबाईल घेऊन राऊटरजवळ गेले. काही फरक नाही. मग पुढच्या खोलीत, सोप्यात डोकावले, तर सगळे पाहुणे रील बघण्यात दंग. चहाबरोबर पासवर्डही मीच वाटलेला!

"आवं, जरा वेळ वाय-फाय बंद करा सगळ्यांनी," म्हटलं. आबांच्या चुलतभावांनी तोंड वाकडं केलं, पण बंद केलं. चित्र स्वच्छ झालं आणि डॉक्टरांना सूज लगेच दिसली. औषध आजच बदललं.

आबांना बघायला आलेल्यांमुळं डॉक्टरांनाच आबा दिसत नव्हते.

तुमच्या घरी पाहुण्यांना 'वाय-फाय बंद करा' हे कोण सांगतं? आमच्याकडं आजपासून मी. चहा मिळेल, पासवर्ड मिळणार नाही.