नळांच्या रॅकवर एक रिंग

तर आसेंग ती रिंग छातीशी धरून तसाच उभा. नळांना क्रोम चढवणाऱ्या कारखान्यात सकाळचा पहिला रॅक भरून तयार, ग्योकलानबाईने हात पुढे केलेला, आणि हा काही रिंग सोडायला तयार नाही. काल गोष्टीच्या अर्ध्यातून जे जेवायला उठले, त्यांच्यासाठी रिंग कसली ते पुन्हा सांगायला हवं. याप सुईणआजींच्या मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याभोवतीची क्रोमची रिंग. दिसायला बांगडीएवढी साधी, पण तशी दुसरी अख्ख्या बेटावर मिळाली नाही. ताइचुंगच्या भंगारबाजारापासून ताइनानपर्यंत आसेंग स्वतः हिंडून आला होता.

त्या गाडीवरून आजींनी चाळीस वर्षं लुकांगच्या आजूबाजूची बारा गावं पालथी घातली होती. ऊन असो, वादळ असो, निरोप आला की पिशवी मागे बांधायची आणि किक मारायची. आसेंगही त्यांच्याच हातचा. पायाळू. पोट सोडायच्या आधी बाहेरची जमीन घट्ट आहे का ते या पोराने पायाने चाचपून पाहिलं, असं आजी चारचौघांत सांगायच्या आणि आसेंग सत्तावन्न वर्षांचा होऊनही कानापर्यंत लाल व्हायचा. खोटंही नव्हतं त्यात. गाडीदुरुस्तीचं दुकान बंद करून घरी निघालेला हा माणूस कुलूप बघायला तीनदा परत यायचा. बायको म्हणायची, "माझ्याशी लग्न झालंय याची खात्री करायलाही तुम्ही अधूनमधून सरकारी कचेरीत जात असाल."

येत्या रविवारी आजींना ऐंशी पूर्ण होत होती. बारा गावांनी मिळून ठरवलं होतं की त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसवून त्यांना सगळीकडे फिरवायचं. पुढे आसेंग. इंजिन त्याने उघडून बसवलं, सीट शिवून घेतली, पेट्रोलची टाकी रंगवली. रिंग तेवढी राहिली. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात तिच्या क्रोमचा जो भाव सांगितला, तेवढ्यात अख्खं इंजिन झालं होतं. आजींच्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं, आणि वर्गणी काढलेली त्यांना खपली नसती.

म्हणून रिकामा हूक. लुकांगमध्ये ज्याला ज्याला गाडीचं वेड, त्याला हा हूक ठाऊक. नळांचा लॉट कधी रॅकच्या मापात बरोब्बर बसत नाही. चारदोन हूक उरतात. त्यावर ओळखीतल्या माणसाने आपला जुना पार्ट टांगायचा, टांगणाऱ्या बायकांना पेरूंची पेटी द्यायची, मालकाने दुसरीकडे बघायचं. अट एकच. पाहुण्यासाठी रॅक थांबत नाही. क्रोमच्या टाकीतून जे निघेल ते मुकाट घरी न्यायचं.

आणि पॉलिश मात्र आपलं आपण करून आणायचं. खरी मेख तिथे आहे. लोकांना वाटतं, चमक टाकीत असते. टाकी काय, तुम्ही द्याल त्याला उजाळा देते. ओरखडा दिलात तर ओरखडा चमकतो. सगळं कसब पत्रा घासणाऱ्या बफच्या चाकावर, आणि बफ मारण्यात आसेंगचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. स्वस्तात आणि चांगलं, दोन्ही जमायचं ते एवढ्यामुळेच.

मंगळवारी ग्योकलानबाई त्याच्या दुकानात डोकावली होती. वीस वर्षं रॅकवर नळ टांगून तिची बोटं इतकी शहाणी झाली होती की डोळे मिटून पितळ कुठलं, लोखंड कुठलं ते सांगायची. तिने रिंग फिरवून पाहिली.

"झकास! आता हात लावायचा नाही हिला. गुरुवारी सकाळी आण."

"ताई, इथे बारीक खड्डे आहेत का बघ ना."

"तुझ्या डोक्यात आहेत. दोनदा क्रोम झालेली रिंग आहे, आसेंग. पत्रा उरलाय किती? ठेव ती फडक्यात."

ठेवली. बुधवारी दुपारपर्यंत ठेवली. मग तिरपं ऊन दुकानात आलं, आणि स्क्रूच्या भोकाजवळ टाचणीच्या टोकाएवढे तीन ठिपके दिसले. याने चाक सुरू केलं. तीन गेले, शेजारी दोन उघडे पडले. ते घालवले. मग आजूबाजूची जागा जरा मंद वाटायला लागली, म्हणून तीही सारखी केली. शेवटी अंगठ्याने दाबून पाहिलं, तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा 'टक्' करून आत गेला आणि 'टक्' करून बाहेर आला.

आसेंगने चाक बंद केलं. कालवं घातलेल्या शेवयांचा वाडगा बायकोने समोर ठेवला होता, तो गार होऊन घट्ट झाला तरी याचं लक्ष नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, "काही नाही, ऊन लागलं."

तर असा हा गुरुवारी सकाळी छातीशी रिंग धरून उभा.

"दे ना आता!" ग्योकलानबाई म्हणाली. "लग्नात मुलीचा बापसुद्धा एवढा वेळ लावत नाही."

तिने रिंग ओढूनच घेतली. सवयीने नखाने टिचकी मारली. वर एक, खाली एक, आणि स्क्रूच्या भोकाजवळ एक. थांबली. तिथेच पुन्हा मारली.

"इथला आवाज बसलाय. पुन्हा बफ मारलास?"

"नाही."

"आसेंग?"

"फडक्याने पुसली फक्त."

लॉट खोळंबलेला होता. तिने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि रिंग शेवटच्या रिकाम्या हुकावर अडकवली. घंटा झाली. क्रेनने रॅक उचलला. चाळीस नळ आणि एक रिंग झुलत झुलत साबणाच्या टाकीत उतरले.

साबणानंतर पाणी. पाण्यानंतर तेजाब. लोखंडाची जाड वस्तू तेजाबातून स्वच्छ होऊन निघते. कागदासारखी पातळ जागा भोक होऊन निघते. हे आसेंगला कळत होतं, आणि ग्योकलानबाईला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं, पण पातळ जागा आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. साबणात दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत त्याने सुपारी तोंडात टाकली, थुंकली, दुसरी टाकली. कदाचित टिकेल. दोन वर्षांपूर्वी एकाचा सायलेन्सर टिकला होता. पण सायलेन्सर केवढा जाड! आता बोलावं तर लॉट थांबणार, पुढच्या वेळी हूक मिळणार नाही, आणि खोटं बोललो तेही बाहेर येणार. न बोलावं तर रविवारी आजींच्या गाडीच्या एकुलत्या डोळ्याला पापणीच नाही. हाताला घाम एवढा सुटला की तो पँटला पुसून पुसून मांडीवर ओला पट्टा उमटला.

रॅक वर आला. साबण निथळला. पाण्यात गेला. पाण्यातून वर आला, आणि क्रेन तेजाबाकडे सरकायला लागली.

"ताई, थांबव! मारला बफ! काल दुपारी! पत्रा आत-बाहेर होतोय!"

ग्योकलानबाईने लाल बटणावर तळहात आपटला. रॅक तेजाबावर हातभर उंचीवर लोंबकळत राहिला. वरच्या केबिनमधून मालकाचा आवाज आला, "कोणी थांबवलं?"

"एक नळ सैल होता!" ती ओरडली. मग शिडी लावून वर चढली, रिंग काढली, खाली येऊन रॅक पुन्हा सुरू केला, आणि रिंग आसेंगच्या हातात देताना हळू आवाजात म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा थांबवला मी रॅक. तोही तुझ्यासारख्या खोटारड्यासाठी."

"चुकलो, ताई."

"चुकलास नाही, चोळलंस! बायकोच्या गालावरून तरी एवढा हात फिरवलायस का कधी?"

शेजारी नळ टांगणाऱ्या चारही बायका खो खो हसल्या. आसेंगला हसू येईना.

मग तिनेच वाट सांगितली. देवळांसाठी धूपपात्रं करणाऱ्याकडे तांब्याची टाकी आहे. तिथे तेजाब सौम्य, आणि तांब्याचा थर जाड चढतो. पातळ जागा भरून निघेल. पण दोन दिवस लागतील, म्हणजे शनिवार. आणि क्रोमसाठी लोखंडी वस्तू चालेल असा पुढचा लॉट थेट बुधवारी. रविवार मध्ये येतोच.

शनिवारी दुपारी आसेंग रिंग वर्तमानपत्रात गुंडाळून याप आजींच्या दारात गेला. आजी बांबूच्या खुर्चीत शेंगा सोलत होत्या. त्याने कागद सोडला. आतून लालभडक तांबं निघालं.

"अगंबाई," आजी म्हणाल्या, "मी गाडीला चांदीची बांगडी मागितली होती."

आसेंगने सगळं सांगितलं. तीन ठिपके, मग दोन, अंगठा, टक्, खोटं, लाल बटण. काहीही वगळलं नाही. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. आजी शेंगा सोलत ऐकत होत्या.

"तुझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "तुझे पाय बाहेर आणि बाकीचा तू आत. तुझी आजी मला म्हणत होती, ओढा, ओढा. मी हात मांडीखाली घेऊन बसले. सुईणीच्या कामात सगळ्यात जड काय, माहितीये? हात न लावणं. तेवढं तुला शिकवायचं राहिलं बघ."

आसेंगने वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मग उद्या काय लावणार आहेस गाडीला?" आजींनी रिंग उन्हात धरून विचारलं. "की मी बारा गावांत अशीच फिरू, उघड्या दिव्याची?"

आसेंग म्हणाला, "तांब्याचीच बसवतो, आजी, आणि बुधवारी क्रोम करून आणतो. शपथ घेतो, तोवर चाकावर धरणार नाही. पण इथे, डाव्या बाजूला, हे जरा काळसर... हे तुम्हालाही दिसतंय ना?"