पहिला घोट

पहिला घोट त्याने स्वतः कधी घेतला नाही. सकाळी लबानची, म्हणजे आपल्या ताकाची, बाटली उघडली की तो साइट ऑफिसच्या कंटेनरमागे जायचा, थोडं ताक वाळूवर ओतायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि मगच बाटली तोंडाला लावायचा. "आधी द्यायचं, मग प्यायचं," म्हणायचा.

आखातात, अल रय्यानकडे वर्ल्ड कपसाठी स्टेडियम उभं राहत होतं आणि आम्ही त्याच्या छपरावर होतो. मी नाशिकचा, कोणतं लोखंड कोणत्या क्रेनने कधी उचलायचं, हे ठरवणं माझं काम. तो नॉर्वेचा, पन्नाशीचा. त्याची परमिटवर सही झाल्याशिवाय क्रेन हलायची नाही. त्याच्या पूर्वजांचे जुने देव, थॉर, ओदिन, त्यूर, यांना तो मनापासून मानायचा. गावी म्हणे त्यांना मधाची दारू वाहतात. "इथे ताक. ते समजून घेतात," तो सांगायचा.

मी आपलं नातं जोडायला गेलो. "थॉर विजेचा देव ना? म्हणजे आमचा इंद्रच की!"

"तुला कुणी चुलतभावाच्या नावाने हाक मारली तर चालेल?"

"नाही."

"मग त्यालाही त्याच्याच नावाने हाक मार."

तुम्ही म्हणाल, गोऱ्याचं खूळ. मीही तेच म्हणायचो, डबा खाताना, त्याच्या पाठीमागे. इस्माईलभाई मात्र कधी हसले नाहीत. ते रत्नागिरीचे, रिगरांचे फोरमन. लोखंड वर चढताना खालून दोर धरून ते सांभाळणारी माणसं त्यांची. "साहेब, ह्यो देवाला भितो," ते म्हणायचे. "देवाला भिणारा मानूस माझ्या पोरांना मारनार नाय."

त्याच्या दंडावर शर्टाच्या बाहीखाली एक लोखंडी कडं असायचं. एकदा विचारलं, तेव्हा सांगितलं. पूर्वी एका बंदरावर 'थोडासाच वारा जास्त आहे' म्हणून त्याने सही केली होती आणि एक माणूस गेला होता. त्यानंतर हे कडं हातात धरून त्याने त्यूरसमोर शपथ घेतली: वारा मर्यादेच्या वर असताना पुन्हा सही नाही. त्यूर म्हणजे दिलेल्या शब्दासाठी स्वतःचा हात गमावलेला देव.

मग ती सकाळ आली. मोठे पाहुणे साइट बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोर छपराचा शेवटचा भाग चढवायचा होता. मीटरवर वारा मर्यादेच्या जरासा वर. मॅनेजरने परमिट माझ्या हातात कोंबलं. "सही आण. नाही तर त्याला सांग, उद्या येऊ नको."

मी शहाणपणा केला. त्याच्यापुढे पेन धरलं आणि म्हणालो, "आज सही कर, नंतर देवाला काहीतरी मोठं वाहा. आमच्याकडे नवस असतात, चुकलंमाकलं तर देवापुढे दंड भरून मोकळं होतात."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तुझा देव हे चालवून घेतो?" त्याने खरंच उत्सुकतेने विचारलं. माझी आई तिथे असती तर तिनेच माझ्या थोबाडीत दिली असती. त्याने पेनला टोपण लावलं आणि ते माझ्या खिशात ठेवलं.

आता तुम्हाला वाटेल, दुपारी वादळ आलं आणि तो खरा ठरला. तसं काही झालं नाही. तासाभरात वारा पडला, पण तोवर पाहुणे जमिनीवरचं लोखंड बघून, कॉफी पिऊन परत गेले होते. मॅनेजर त्याला एकच शब्द बोलला, "खलास."

जाताना त्याने कंटेनरमागे ताक ओतलं, इस्माईलभाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. मला माफी मागायची होती. मी नुसती त्याची बॅग गाडीत ठेवली. माफी राहिली, याची लाज मला अजून वाटते.

त्याच्या जागी नवा माणूस येईपर्यंत सही माझ्याकडे आली. दहाव्या दिवशी तोच वारा, तसाच जरासा वर, आणि समोर परमिट. "यल्ला, चल, सही कर!" मॅनेजर म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर घर आलं, मुलींची शाळा आली. मी पाच मिनिटं मागून घेतली आणि कंटेनरमागे गेलो. वाळूवर ताकाचा पांढरा पापुद्रा राहिला होता. मी तिथे काही ओतलं नाही. ते देव माझे नव्हते आणि गरजेपुरती ओळख काढणं बरं दिसलं नसतं.

परत आलो. पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि कोरं परमिट मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

बाहेर इस्माईलभाई माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी 'नाही' अशी मान हलवली. ते वळून आपल्या माणसांना ओरडले, "दोर सोडा रे! आज उचलायचा नाय!"