पापाचा प्रकार, तारीख आणि पालकांची सही

आमच्या शाळेच्या कार्यालयात एकच कारकून होते आणि सगळी शाळा त्यांना अर्जमामा म्हणायची. वर्गाची खिडकी उघडायची तर अर्ज, बंद करायची तर दुसरा अर्ज. नाकातून रक्त येतंय म्हणून धावत आलेल्या मुलाला त्यांनी आधी 'विषय' लिहायला लावला होता, असं सांगतात. मला ते मुळीच खोटं वाटत नाही. माणूस मात्र देवमाणूस. लग्न झालं नव्हतं. मुलीकडच्यांनी अर्ज अपूर्ण भरला असणार, असं आम्ही म्हणायचो.

त्या वर्षी नवे फादर आले. त्यांनी मामांना एवढंच सांगितलं, की परीक्षेआधी सगळ्या मुलांचं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, व्हायला हवं, जरा व्यवस्था लावा. मामांनी लावली. सोमवारी वर्गावर्गांत छापील अर्ज आले. नाव, तुकडी, पापाचा प्रकार, पाप केल्याची तारीख, साक्षीदार असल्यास त्यांची नावं, आणि अगदी तळाशी पालकांची सही.

त्या सहीने घरोघरी हलकल्लोळ झाला. माझ्या मैत्रिणीच्या आईने सही तर केलीच, वर स्वतःला आठवणारी चार पापं पुरवणी म्हणून जोडून दिली. एका शहाण्याने 'निरंक' लिहून कागद मुद्दाम मामांच्या नाकासमोर धरला. त्याचा अर्ज 'पुराव्यासह पुन्हा सादर करावा' अशा शेऱ्यानिशी परत आला.

मला हसू येत नव्हतं. मला अकरावीला विज्ञान शाखा हवी होती, आणि तिथे वर्तणुकीच्या दाखल्यावर 'उत्तम' लागायचं. एक पायरी जरी खाली घसरलात, तर भाषा शाखेत बसा आणि लॅटिनची रूपं घोका. माझं पापही साधंसुधं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी मी मामांच्या टेबलावरून शाळेचा शिक्का लांबवून निम्म्या वर्गाची रजा मंजूर करून टाकली होती. चार दिवसांनी शिक्का खुर्चीखाली 'सापडला', पण तोवर मुख्याध्यापिका सिस्टरनी मामांना हलगर्जीपणाबद्दल मेमो दिला होता. बावीस वर्षांतला पहिला.

अर्ज फक्त फादर वाचणार, या समजुतीने मी सगळं खरं लिहिलं. वडिलांची सही मीच ठोकली. मग वाटलं, अगं, हेही पापच की. तेही लिहिलं. शिक्क्याचं पाप आधीच सहीच्या रकान्यात उतरलं होतं, हे त्याच्याही खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा फादरांपुढे गेला. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे एकट्याने येऊन तोंडी सांगायचं असतं, सगळे कागद मुलांना परत करा, असं त्यांनी मामांना समजावलं. मामा पडल्या चेहऱ्याने वर्गात बंद पाकिटं वाटत आले. मला पाकीट देताना ते भलतीकडेच बघत होते. 

मधल्या सुट्टीत मी कार्यालय गाठलं.

"मामा, तुम्हाला मेमो माझ्यामुळे मिळाला."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "पण ते मला ठाऊक असायला नको होतं. मी वरचं सगळं पुठ्ठ्याने झाकून नुसत्या सह्या तपासत होतो गं. तुझंच तेवढं खाली आलेलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगायचा नाही. तुझा दाखला तयार आहे, घेऊन जा."

दाखल्यावर 'उत्तम' होतं. चोर मी, आणि मान खाली घालून बसले होते ते. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो दाखला घेऊन मी तडक सिस्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. सिस्टरनी मेमो फाइलमधून काढून फाडला. मग माझा दाखलाही फाडला, आणि 'समाधानकारक' लिहून नवा करून आणायला सांगितलं. त्या एका शब्दाने माझी विज्ञान शाखा गेली.

मामांनी टाइपरायटरवर कागद चढवला. मी समोर स्टुलावर बसले होते. त्या शब्दापाशी ते तीनदा चुकले. तीन कोरे कागद चुरगळून टोपलीत गेले. चौथ्यांदा शब्द बरोबर उमटला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दाखला माझ्याकडे सरकवला.

"सिस्टरांची सही आणायला तूच जा," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."