काउंटरजवळचं टेबल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी चादरींचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि त्याच गाळ्यात कॉफीचं दुकान निघालं. चालवणाऱ्या ताई विणकर घरातल्या. फोनवर आईशी तेलुगूत भांडता भांडता आमच्याशी मराठीत हसतात. सुरुवातीला मी तिथं जाणाऱ्यांना नावं ठेवत असे. घरात दूध असताना कॉफी प्यायला बाहेर कशाला जायचं? मग मुलगी लग्नाची झाली आणि मीच तिथलं गिऱ्हाईक झालो.

हल्ली आमच्याकडं मुलगी बघायला एकदम घरी येत नाहीत. पोहे, साडी, शेजाऱ्यांचं डोकावणं, हे सगळं पुढच्या खेपेला. आधी मुलामुलीनं कॉफीच्या दुकानात भेटायचं आणि दोन्हीकडच्या एकेका मोठ्या माणसानं लांब बसायचं. ताईंनी त्याची सोयच करून ठेवली आहे. रविवारी सकाळी खिडकीजवळचं टेबल मुलामुलीसाठी, काउंटरजवळचं मोठ्यांसाठी. "काका, इथून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही," त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं.

बायकोचे गुडघे दुखतात, त्यामुळं मुलीबरोबर मीच जायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. परत येताना मुलगी त्या मुलांच्या नकला करायची. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. "पप्पा, त्यानं विचारलं, स्वयंपाकात काय काय येतं. मी म्हटलं, गोळ्या बिनचूक देते!" आम्ही दोघं रस्त्यात थांबून हसायचो. आपली पोरगी इतक्यात कुठं जात नाही, असं मला आत कुठंतरी बरं वाटायचं.

मग मंगळवेढ्याचा मुलगा आला. नोकरी इथंच, सोलापुरात. सोबत त्याचे मामा होते. मामांनी बसल्या बसल्या ताईंना विचारलं, "बशी न्हाय व्हय?" कपांना बशा नव्हत्याच. ताईंनी बिस्किटांची छोटी प्लेट आणून दिली. मामांनी तीत कॉफी ओतली, फुंकर मारली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लई कडू हाय की. पैसं देऊन काढा पितायसा व्हय तुमी?"

मला हसू आलं. तेवढ्यात खिडकीजवळून मुलीचं हसणं ऐकू आलं. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते हसणं सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. मान मागं टाकून, टेबलावर हात आपटून ती हसत होती. घरी, जेवताना, ठसका लागेपर्यंत हसते तशी.

"काय बोललीत ठावं न्हाय," मामा म्हणाले, "पर आपलं काम झालंय बघा, पावणं."

मुलीनं आपला कप पुढं सरकवला, तिलाही कडू लागली असावी. त्या मुलानं तिला काहीतरी विचारलं, तो कप ओढून घेतला आणि तिची उरलेली कॉफी पिऊन टाकली. मुलगी बघत राहिली, आणि पुन्हा हसली.

मी उठलो. त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "चला, उशीर होतोय."

बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं, "पप्पा, कसला उशीर?"

"ऊन चढतंय," मी म्हणालो.

हे स्थळ माझ्या चुलत बहिणीनं आणलं होतं. त्याच दुपारी मी तिला फोन केला आणि सांगितलं, "मुलीला पसंत नाही." मुलीला मी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी घरात सांगितलं, "तिकडून नकार आलाय."

बायकोचे हात पिठात होते. "एवढं काय सोनं लागलंय त्यांना?" ती म्हणाली. मुलगी नुसतं "बरं" म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

अनोळखी मुलीचा उष्टा कप तोंडाला लावणारा मुलगा कसा असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. बायकोच्या कपातला उरलेला चहा मी रोज पितो. त्या मुलात काही खोट नव्हती. मुलीचं ते हसणं आमच्या घरापुरतं आहे, अशी माझी समजूत होती. परक्या मुलाला ते इतक्या सहज मिळालं आणि मी काउंटरजवळ बसून नुसता बघत राहिलो, हे मला सोसलं नाही.

त्यानंतरही मुलं आली. मुलगी ताठ बसायची, हात मांडीवर ठेवायची, ओठ मिटून हसायची. परतताना नकला बंद झाल्या. एकदा निघताना बायको तिला म्हणाली, "जरा हसून बोलत जा गं."

"हसून बघितलंय की, आई," ती म्हणाली.

मी तिथंच बसून बूट घालत होतो. मान वर केली नाही.

पुढं एकदा मी एकटा कॉफी प्यायला गेलो तेव्हा ताईंनी विचारलं, "काका, ते हसणारं जोडपं? त्यांचं जमलं असेल ना?" कॉफी तशीच टाकून मी बाहेर आलो आणि बहिणीला फोन लावला. "आता कशाला विचारतोस? अक्कलकोटची मुलगी केली त्यानं, साखरपुडा झाला," ती म्हणाली.

मग एका संध्याकाळी मुलगी कामावरून सुटल्यावर मी तिला त्याच दुकानात नेलं. खिडकीजवळच्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. नकार त्यांचा नव्हता, माझा होता.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं कप हातात नुसता फिरवला. "मग त्यांना काय सांगितलं?"

"तुला पसंत नाही, असं."

"म्हणजे त्याला वाटलं असेल, ही उगीच हसत होती."

तिच्या मनात आधी तो आला. स्वतःचं दुःख तिनं काढलंच नाही. मी म्हणालो, "चुकलो बाळा." आणि मग, का कोण जाणे, विचारून बसलो, "काय म्हणाला होता गं तो? एवढी हसलीस ते?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "ते नाही सांगणार, पप्पा." कप खाली ठेवून म्हणाली, "आणि यापुढं मी एकटीच येत जाईन."

गेल्या रविवारी माळशिरसकडचा एक मुलगा येणार होता. आदल्या दिवशी मीच ताईंना फोन केला. "उद्या एकच टेबल लागेल."

"आणि तुम्ही कुठं बसणार, काका?"

"घरी," मी म्हणालो.

मुलगी गेली तशी तासाभरानं परत आली. बायकोनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कसा वाटला?" मुलगी आत गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली होतो. पंखा बंद केला असता तर ऐकू आलं असतं. माझा हात बटणापर्यंत गेलाही होता. मग तो मी मागं घेतला.